एन स्केलमध्ये 'ग्रीन गोट' हायब्रिड शंटिंग इंजिन कसे करावे?

नऊ_मिमी:
नमस्कार. १२० बाय ३० सेंटिमीटरच्या फळीवर मी एन स्केलमध्ये (१:१६०) कॅलिफोर्नियातील एक छोटे मालयार्ड उभारत असून त्याचा काळ साधारण २००६ चा धरला आहे. त्या यार्डात रेलपॉवरचे 'ग्रीन गोट' हे बॅटरी-डिझेल हायब्रिड इंजिन शंटिंग करताना (डबे इकडून तिकडे हलवताना) दाखवायचे आहे. हाताशी जीपी९ या अमेरिकी डिझेल इंजिनाचे एक जुने मॉडेल आहे. तीन लहान इंजिनांचे तयार 'जेनसेट' मॉडेलही पाहण्यात आले. तेच रंगवून चालेल का? आणि आवाजाचे काय करावे?

यार्डमास्तर:
जेनसेट चालणार नाही, कारण त्यात कर्षणासाठी बॅटरी नसते; गरजेनुसार तीनपैकी एक, दोन किंवा तिन्ही इंजिने सुरू होतात, एवढेच. ग्रीन गोटची कल्पना वेगळी होती. यार्डातले इंजिन दिवसाचा बराच वेळ नुसते धडधडत उभे असते, म्हणून २००० अश्वशक्तीचे काम शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या मोठ्या संचाकडे सोपवून, तो भारित करण्यापुरता ३०० हूनही कमी अश्वशक्तीचा डिझेल जनित्रसंच ठेवलेला होता.

तुमच्याकडचे जीपी९ मात्र योग्यच आहे, कारण ही इंजिने जुन्या जीपी९ सारख्या इंजिनांच्या सांगाड्यांवरच बांधली गेली. मूळ लांबी ५६ फूट २ इंच, म्हणजे एन स्केलमध्ये सुमारे १०७ मिलिमीटर. बोगीतील (चाके बसवलेल्या खालच्या गाड्यातील) दोन आसांमधले ९ फूट अंतर १७ मिलिमीटरच्या आसपास येते. तेव्हा बोगी आणि पायऱ्यांना हात लावू नका.

खरी अडचण हूडची, म्हणजे इंजिनावरील लांबट आवरणाची आहे. ग्रीन गोटचा हूड बुटका आहे, आणि तुमच्या मॉडेलचा दुभागलेला धातूचा सांगाडा तर उंच हूड भरून राहील असाच ओतलेला असतो. तो कापून आणि कानसून खाली आणावा लागेल, मूळ मोटर काढून ७ मिलिमीटर व्यासाची कोअरलेस (फिरत्या भागात लोखंडी गाभा नसलेली) मोटर बसवावी लागेल, आणि एवढे केल्यावर वजन इतके घटेल की चार वाघिणी ओढतानाही चाके घसरू लागतील. त्यावर उपाय म्हणजे हूडमध्ये शिशाचे पातळ तुकडे बसवणे (खऱ्या ग्रीन गोटच्या हूडमध्येही बॅटऱ्यांचे शिसेच होते, आणि शंटिंग इंजिनाला पकडीसाठी वजन हवेच असल्याने तिथे ते ओझे ठरले नाही!). सांगाड्याच्या दोन्ही अर्ध्या भागांतून वेगवेगळ्या ध्रुवांचा प्रवाह येतो, म्हणून शिसे बसवण्याआधी कॅप्टॉन टेप (विद्युतरोधक चिकटपट्टी) न विसरता लावावा. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत.

डीसीसी_वेडा:
आवाजाबद्दल लिहितो. साधा साउंड डीकोडर (डीसीसी या डिजिटल नियंत्रण पद्धतीत मॉडेलच्या आत बसणारी, मोटर आणि आवाज चालवणारी चकती) वेग वाढवताच डिझेलचा आवाज चढवतो, आणि हायब्रिडमध्ये नेमके तेच चुकीचे दिसते. तिथे डिझेल सुरू होणे-बंद होणे बॅटरीतल्या भारावर अवलंबून असते, वेगावर नव्हे. त्यामुळे इंजिन वाघिणी ढकलत जवळजवळ मुकाट्याने निघून जाते आणि नंतर सांध्याजवळ थांबून भारित होत गुरगुरते, असेही घडू शकते. डिझेलचा एकाच गतीचा आवाज वेगळ्या फंक्शन बटणावर ठेवता येणारा डीकोडर घ्यावा. चाल जड वाटावी म्हणून सीव्ही ३ आणि सीव्ही ४ (डीकोडरमधील वेग वाढण्याच्या आणि कमी होण्याच्या सेटिंग) वाढवावेत, कमाल वेग सीव्ही ५ ने खाली आणावा. कोअरलेस मोटरसाठी डीकोडरची नियंत्रण वारंवारता उच्च असावी, नाहीतर मोटर गुणगुणते आणि तापतेही.

नऊ_मिमी:
धन्यवाद. शिसे आणि स्पीकर दोन्ही त्या बुटक्या हूडमध्ये बसतील का?

यार्डमास्तर:
दोन्ही एकत्र नाही. शिसे हूडमध्ये, स्पीकर खाली इंधनटाकीत. तिथला धातू तेवढा जास्त कापावा लागेल, त्यामुळे हूडमध्ये शिशाऐवजी टंगस्टनचा विचार करावा. महाग आहे, पण तेवढ्याच जागेत शिशाच्या जवळपास पावणेदोनपट भरते.