तुमची नोकरीतली वाटचाल सांगा, पण त्यातला योगायोग गाळू नका

टी-स्क्वेअर

गेल्या आठवड्यात शिकाऊ मुलांसमोर 'माझी वाटचाल' या विषयावर अर्धा तास बोललो. भाषण रंगलं, टाळ्या पडल्या. परत येताना जाणवलं की आपण निम्मं खोटं बोललो. घटना सगळ्या खऱ्या, पण त्या अशा ओवल्या की जणू एकोणिसाव्या वर्षीच मला पुढचं सगळं ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर असं झालं. 1986 साली मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. ड्रॉइंग बोर्ड, शाईची पेनं, ट्रेसिंग पेपर. रेघ चुकली की अर्धं ब्लेड बोटांत आडवं धरून शाई खरवडायची आणि मग तेवढी जागा नखाच्या पाठीने घासून गुळगुळीत करायची. ते केलं नाही तर पुढची रेघ तिथे पसरते. या कामात माझा हात बसला होता आणि जन्मभर हेच करायची माझी तयारी होती.

ड्रॉइंगच्या प्रती काढायचा अमोनिया प्रिंटचा कागद पुरवणारा एकजण महिन्याकाठी यायचा. गठ्ठा ठेवता ठेवता तो म्हणाला, एका ठिकाणी ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, शिकवतात, नाव घातलेला मुलगा येईनासा झालाय, जागा आहे. ऑटोकॅड 1982 मध्येच बाजारात आलं होतं, पण आमच्याकडे कुणी ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवसांत संध्याकाळ मोकळी होती म्हणून मी गेलो, बाकी काही कारण नाही. चार वर्षांनी बोर्ड उचलले तेव्हा अकरा जणांतले तिघे उरलो.

भाषणात मी म्हणालो, "बदलाची चाहूल लागली होती." कसली डोंबलाची चाहूल! जे आठ गेले त्यांतल्या दोघांची रेघ माझ्यापेक्षा सरस होती. त्यांना भाषणाला कुणी बोलावत नाही.

तर आपापली वाटचाल लिहा. अट एकच: जिथे निव्वळ योगायोग होता तिथे तसं कबूल करायचं. माझं मत असं की तो गाळलेल्या गोष्टी नवख्यांना मदत करत नाहीत, उलट त्यांची दिशाभूल करतात.

एकमार्गी

साफ असहमत.

स्वतःच्या कष्टाला 'योगायोग' म्हणायची हल्ली पद्धतच पडली आहे. नम्रपणाही मिरवता येतो आणि मोठेपणाही सुटत नाही. कागदवाला अकरा जणांच्या ऑफिसात येत होता ना? गेलात तुम्ही एकटेच. याला योगायोग म्हणत नाहीत.

माझी वाटचाल सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. धातू तपासण्याच्या एकाच प्रयोगशाळेत 31 वर्षं. नमुना यंत्राच्या जबड्यात धरायचा, ओढायचा, तुटला की आकडा लिहायचा. लोकांना वाटतं पाट्या टाकल्या. पण तुटलेलं तोंड नुसतं बघून मी बरंच काही सांगू शकतो. एका तुकड्यावर वाटीसारखा खोलगट भाग आणि दुसऱ्यावर तिच्यात बसणारा शंकू असेल, तर धातू आधी ताणला गेला, बारीक झाला, मग तुटला. तोंड सपाट आणि चमचमतं असेल तर तो इशारा न देता मोडला. हे पहिल्या वर्षी पुस्तकात वाचलं होतं. नजरेला दिसायला सात-आठ वर्षं लागली. त्यात योगायोग कुठे बसवू?

वळण नसलेल्या माणसाला कुणी वाटचाल विचारतच नाही. माझी तक्रार ही आहे.

टी-स्क्वेअर

कागदवाल्याने अकरा जणांना नव्हतं सांगितलं. प्रिंटच्या खोलीत मी एकटाच होतो. अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरायचे म्हणून बाकीचे ते काम माझ्यावर ढकलायचे.

वाटी आणि शंकूबद्दल आभार. हे कुणी भाषणात सांगितलं असतं तर मी ऐकायला आलो असतो.

गुणाकार

धागाकर्त्याशी सहमत. एक जुनं उदाहरण देतो, ऐकलेलं असेल तर माफ करा. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत हे मोजलं जात होतं. संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांचा मुद्दा असा की जी परतली नाहीत त्यांना कुठे लागलं हे या मोजणीत नाहीच. वाटचालीच्या सगळ्या गोष्टी परतलेल्या विमानांच्या असतात.

दुसरी गोष्ट स्मरणाची. 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाणार होते. त्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी लोकांकडून अंदाज लिहून घेतले, काय घडण्याची शक्यता किती वाटते वगैरे. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं? जे घडलं होतं त्याला आपण जास्त शक्यता दिली होती, असंच बहुतेकांना आठवत होतं. त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. 'चाहूल लागली होती' हे वाक्य असंच तयार होतं.

आणि कागदवाल्याचंही नवल नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची. नेहमी भेटणारी असं सांगणारे 17 टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांची ती व्यक्ती अधूनमधून, नाहीतर क्वचित भेटणारी. आपल्या रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच.

एकमार्गी

आलं, वाल्डचं विमान आलं! दर चर्चेत ते एकदा घिरटी घालून जातंच.

मी एकच माणूस देतो. सी. व्ही. रामन. 1907 साली सरकारी अर्थखात्यात लागले, कलकत्त्यात हिशेबाचं काम. ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर प्रयोगशाळेत, असं बरीच वर्षं. 1917 मध्ये ती बड्या हुद्द्याची नोकरी सोडून विद्यापीठात प्राध्यापक झाले, 1930 ला नोबेल. सांगा, यात नशीब कुठे?

गुणाकार

पाटीत. ती प्रयोगशाळा ज्या विज्ञानसंस्थेची, तिची पाटी त्यांना ट्रॅममधून जाताना दिसली, अशी गोष्ट सांगतात. पहिली नेमणूकच दुसऱ्या गावी झाली असती तर?

एकमार्गी

पाटी रोज शेकडो लोकांना दिसत असेल. उतरून आत किती गेले? आणि रामन यांचा पहिला शोधनिबंध 1906 मध्ये, विद्यार्थी असतानाच, फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला होता. पाटी दिसायला डोळे आधीपासून तयार होते. माझ्या वाटी-शंकूसारखंच आहे हे.

रात्रपाळी

तुमचं दोघांचं चालू द्या, पण एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये. पाटी दिसली, डोळेही तयार आहेत, पण उतरायला पाय मोकळे आहेत का?

मी नर्स. 22 वर्षं झाली. पाचव्या वर्षी मला ऑपरेशन थिएटरच्या विशेष प्रशिक्षणाला पाठवत होते. वॉर्डच्या सिस्टरनी स्वतः नाव दिलं होतं. वडील अंथरुणाला खिळलेले, भाऊ लहान, आणि प्रशिक्षणाच्या काळात रात्रपाळीचा भत्ता बंद. मी नाही म्हणाले. माझ्याऐवजी जी गेली ती चांगली आहे कामात, माझी मैत्रीण आहे, तिच्याबद्दल मनात काही नाही. पण तिच्या वाटचालीत ती लिहील 'संधी मिळाली आणि मी ती घेतली'. माझ्यात काय लिहू? संधी आली होती, मी कामावर होते?

टी-स्क्वेअर, तुमची 'संध्याकाळ मोकळी होती' ही ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मला सगळ्या लेखात तीच दिसली.

अवांतर: वॉर्डात राहिल्याचं वाईट वाटत नाही. पाळी बदलताना खाटेशेजारी उभं राहून पुढच्या सिस्टरला रुग्णाची माहिती द्यायची असते. मी ती देत असताना रुग्णाचा चेहरा बघते, कागद बघत नाही. माझ्या वाक्यावर त्याने भुवई उचलली की समजायचं, काहीतरी चुकीचं लिहिलं गेलंय. हे मला कुणी शिकवलं नाही.

टी-स्क्वेअर

बरोबर पकडलंत. ती ओळ लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं.

दुसरा डाव

मी या तिन्ही बाजूंना विरोध करायला आले आहे.

सात वर्षं घरी होते, मुलं लहान म्हणून. त्याआधी हिशेबतपासणी. परत यायचं ठरवलं तेव्हा प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न: "मधल्या काळात काय केलंत?" एकाने तर माझ्या अर्जावर त्या सात वर्षांभोवती पेन्सिलने गोल काढून ठेवला होता आणि बोलताना तो गोल गिरवत होता. योगायोगाची वाट बघत बसले असते तर अजून त्या गोलात असते.

मी योजना केली. कागदाचे तीन भाग पाडले: मला काय येतं, कोणत्या कामात काय लागतं, आणि दोन्ही कुठे जुळतात. नंतर कळलं की हे माझं डोकं नव्हे. फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी 1908 मध्ये बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, त्यांची पद्धत हीच. जुळणीतून निघालं पगारपत्रकाचं काम, ज्याकडे मी आधी ढुंकूनही पाहिलं नसतं. नियम सात वर्षांत सगळ्यांसाठीच बदलले होते, त्यामुळे मी फार मागे नव्हते. आठ महिने, चाळीसेक अर्ज, मग नोकरी. यात कुठलाही कागदवाला आला नाही.

गुणाकार

पार्सन्स यांचं नाव काढलंत म्हणून. ते स्वतः इंजिनिअरिंग शिकले, रेल्वेच्या कामावर लागले, ती कंपनी बुडाली, मग मजुरी केली, शाळेत शिकवलं, वकील झाले, कायदा शिकवला. तीन रकाने भरून कुणी असं जगत नाही! त्यांचं पुस्तकही 1909 मध्ये, ते गेल्यावर निघालं.

उलट टोकाला स्टॅनफर्डचे जॉन क्रुम्बोल्ट्झ. कॉलेजात मुख्य विषय निवडायची मुदत संपत आली, म्हणून त्यांनी टेनिसच्या प्रशिक्षकाला विचारलं. प्रशिक्षक मानसशास्त्राचा प्राध्यापक. झाले हे मानसशास्त्रज्ञ. पुढे 1999 मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हेच मांडलं की योगायोग घडतील अशा बेताने वागायचं: कुतूहल, चिकाटी, लवचिकपणा, आशावाद, थोडं धाडस.

दुसरा डाव

चाळीस अर्ज म्हणजे तेच केलं की मी. फक्त टेनिस खेळले नाही.

चोविशीतला

सगळं वाचलं. तुम्हा सगळ्यांचं झालंय, माझं व्हायचंय. दोन वर्षं सॉफ्टवेअर तपासणीत आहे. काम वाईट नाही, पण सोमवार नको वाटतो. ध्वनिमुद्रणाच्या कामात जावंसं वाटतं. सोडू की नको? योगायोग, योजना, मोकळे पाय, यातलं मी नक्की काय करू?

गुणाकार

अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी अशाच अडलेल्या लोकांना नाणं उडवायला लावलं होतं. 20 हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. मोठ्या निर्णयांत ज्यांना नाण्याने 'बदल कर' म्हटलं आणि ज्यांनी तो केला, ते सहा महिन्यांनी जास्त समाधानी निघाले. तर सोड.

रात्रपाळी

अहो, काहीही काय! नाणं उडवायला आलेले लोक आधीच बदलाच्या काठावर बसलेले होते आणि स्वतःहून आले होते. ज्यांना सोडणं परवडणारच नाही ते नाणं कशाला उडवतील? मघाशी विमानं मोजत होतात, आता कुठे गेलं ते?

गुणाकार

हा मुद्दा मान्य. पण बहुतेक लोक गरजेपेक्षा जास्त काळ चिकटून राहतात, हे माझं मत कायम.

एकमार्गी

चिकटून राहण्याला नावं ठेवायचं कारण नाही. सोमवार मला पहिली तीन वर्षं नको वाटायचा. चौथ्या वर्षी विसरलो.

बरं, अट पाळायची म्हणून कबुली देतो. निवड झाली तेव्हा मी प्रतीक्षायादीत दुसरा होतो. जागा एक. निवडलेला आला नाही, पहिल्या क्रमांकाने दुसरीकडे नोकरी धरली होती. त्या दोघांची नावं मी नोटीस बोर्डावर वाचली होती, आज आठवत नाहीत. काल बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला तर तुम्ही पहिले आलात असं सांगितलं होतं." मी तसं सांगितल्याचं मला आठवत नाही.

नंतरची 31 वर्षं मात्र माझी आहेत. माझं मत बदललेलं नाही.

दुसरा डाव

हाहा, वहिनींना एक धागा काढून द्या.

रात्रपाळी

चोविशीतला, तुला दोनच प्रश्न विचारते. नोकरी सुटली तर किती महिने घर चालेल, आणि ते तुझ्या एकट्याच्या जिवावर चालतं का? आकडा लिहून काढ, अंदाज नको.

दुसरं, ध्वनिमुद्रण करणाऱ्या कुणाकडे आठवडाभर संध्याकाळी नुसता जाऊन बस. गाणं-बिणं ऐकायला नाही. तारा गुंडाळताना, एकच ओळ चाळीस वेळा ऐकताना, कुणीतरी उशिरा आलं म्हणून ताटकळताना तो माणूस कसा दिसतो ते बघ. आम्ही नवीन मुलींना पहिल्या दिवशी बेडपॅन देतो, इंजेक्शन नाही. त्यानंतर ज्या उरतात त्या उरतात.

चोविशीतला

तीन महिने चालेल. आई कमावते, पण तिची दोनच वर्षं राहिलीत.

बसायला जातो. ओळखीचं कुणी नाही, एकाचा नंबर मित्राच्या भावाच्या मित्राकडून मिळतोय.

टी-स्क्वेअर

तारा कशा गुंडाळतात ते मला सांग. आमच्याकडे ट्रेसिंगची गुंडाळी उलटी केली तर रेघेला चिरा जायच्या. तारेचंही तसंच काही असणार.