प्रतिसाद : आधी वस्तीत जा, मग लिहायला बसा

वर एका ताईंनी विचारलंय की संस्थेच्या कामाला निधी मागणाऱ्या प्रस्तावाची सुरुवात बजेटपासून करावी की समस्येपासून. माझं मत, दोन्हींच्या आधी वस्तीत जाऊन बसावं.

आम्ही सोलापुरात विडी कामगार महिलांसोबत काम करतो. आमचा पहिला प्रस्ताव नाकारला गेला. त्यात ‘महिलांचे सक्षमीकरण’ पानोपानी होतं, पण एकही बाई दिसत नव्हती. दुसऱ्या वेळी आम्ही महिनाभर कुंभारीच्या विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) दुपारी जाऊन बसलो. मांडीवर सूप, हातात कात्री, भिजवलेली तेंदूची पानं. एक मावशी पान खिडकीकडे धरून कापत होत्या, जवळचं दिसत नाही म्हणून. तिथून आमचा विषय बदलला: डोळे तपासणी आणि चष्मे. मग बजेट आपोआप सुचत गेलं. तपासणी दुपारी ठेवून चालणार नाही, कारण दिवसाच्या हजार विड्या बुडतात. म्हणून संध्याकाळच्या शिबिराचा खर्च धरला. मंजुरीनंतर निधी देणाऱ्यांनी नेमक्या त्याच ओळीचा उल्लेख केला.

कागदपत्रांचं मात्र आजच बघा. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी लागते, त्यासाठी आयकर खात्याच्या १२ए (संस्थेला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही. शेवटच्या आठवड्यात हे जमत नाही.

ताई, तुमचा मसुदा इथे टाकलात तर मी मनापासून वाचेन.