ऱ्हास म्हणजे नाश नव्हे

'ऱ्हास' आणि 'नाश' समानार्थी आहेत असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. ऱ्हासाचं मूळ संस्कृत 'ह्रास', धातू 'ह्रस्' म्हणजे आखूड होणं, कमी होणं. आपल्या व्याकरणातला ऱ्हस्वही याच धातूतला! ऱ्हस्व स्वर नाहीसा झालेला नसतो, त्याची लांबी कमी असते एवढंच. ऱ्हासातही वस्तू शिल्लक असते, ती झिजत, आक्रसत जाते. म्हणून 'जंगलांचा ऱ्हास' म्हणताना अजून काहीतरी वाचवण्यासारखं उरलंय हे शब्दातच गृहीत आहे. 'नाश' म्हटलं की ती शक्यता संपते. हा फरक पुसला जाऊ नये असं मला फार वाटतं.

'ह्रास' की 'ऱ्हास' हा प्रश्नही कोणीतरी विचारलाय. संस्कृतात आणि हिंदीत 'ह'ला 'र' जोडतात. मराठी उच्चारात 'र' आधी आला आणि लेखनही त्याच्यामागून गेलं. 'चिह्न'चं 'चिन्ह' झालं तसंच. त्यामुळे मराठीत 'ऱ्हास' लिहिणं चूक मुळीच नाही.

ऱ्हासाच्या जवळपासच्या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या 'अवनती'चं चित्र मात्र वेगळं आहे. त्यात 'नम्' धातू आहे, म्हणजे वाकणं. 'अव' म्हणजे खाली. 'उन्नती'तही तोच 'नम्', फक्त उपसर्ग 'उद्', वरच्या दिशेचा. 'अधःपतना'त तर थेट कोसळणंच आहे, आणि नैतिक दोषाची छटाही. जमिनीच्या सुपीकतेचा ऱ्हास होतो, तिचं अधःपतन झालं असं कोणी म्हणत नाही.