मदत हवी आहे : एसटीच्या वेळेमुळे शाळेचे पक्षिमंडळ ओस पडत आहे

नमस्कार. निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या जवळ असलेल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले हे पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झाले. पुण्या-मुंबईचे लोक मोठाले कॅमेरे घेऊन जे पाहायला येतात, ते आमच्या मुलांच्या द्राक्षबागांच्या पलीकडेच आहे. तरीही आठवीच्या वर्गात चित्रबलाक या करकोच्याचे छायाचित्र दाखवले, तेव्हा निम्म्याहून अधिक वर्ग त्याला ‘बगळा’ म्हणून मोकळा झाला. म्हणून गेल्या जूनमध्ये आठवी-नववीसाठी पक्षिमंडळ सुरू केले आणि पहिल्याच आठवड्यात ३१ नावे आली, त्यांपैकी १८ मुलींची होती.

आता डिसेंबरात ९ जण उरले आहेत. नऊही मुलगे आहेत आणि नऊही जण सायकलने येतात.

कारण उघड आहे. शाळा ५ वाजता सुटते, मंडळ त्यानंतर भरते, वाड्या-वस्त्यांकडे जाणारी एसटी ५:१५ ला येते आणि त्यानंतरची ७ वाजता. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, त्यामुळे प्रश्न पैशांचा नाही. अंधारात फाट्यावर उतरून शेतातून घरी जाण्याचा आहे, आणि त्यासाठी मी कोणत्याही पालकांना दोष देणार नाही. नववीतील एक विद्यार्थिनी वारकरी (कूट) या पाणपक्ष्यांचा थवा दहा-दहाच्या गटांनी मोजायला इतकी छान शिकली होती की तिचा आकडा आणि माझा आकडा यांत क्वचितच फरक पडे. शेवटच्या दोन बैठकांना ती पास हातात धरून शाळेच्या फाटकाशीच उभी राहिली. एक डोळा आमच्याकडे, एक रस्त्याकडे. त्यानंतरच्या बैठकीला ती आली नाही.

मंडळ शाळेच्या वेळेत घ्यावे, असे मी सुचवून पाहिले. वेळापत्रकात कार्यानुभवाची तासिका आहे, पण ती दहावीच्या जादा तासांसाठी आणि आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावासाठी केव्हाच वाटली गेली आहे. मुख्याध्यापकांची अडचण मला समजते. निकाल लागल्यावर संस्थेपुढे त्यांनाच उभे राहावे लागते. राज्य शासनाचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबरला असतो, तो बहुतेकदा दिवाळीच्या सुट्टीत जातो, त्यामुळे त्या निमित्ताने एखादा दिवस मागून घेण्याची सोयही राहत नाही. शनिवारी शाळा सकाळची असली, तरी सुटल्यावरची एसटी चुकवायला कोणी तयार नाही.

स्थलांतरित पक्षी फेब्रुवारीअखेरपर्यंत भरपूर असतात, म्हणजे हाताशी साधारण दोन महिने आहेत. माझे विचारणे असे, की शाळेच्या वेळेतच, परीक्षेच्या तासिकांना हात न लावता, असे मंडळ कोणी चालवले आहे काय? त्यासाठी मुख्याध्यापकांपुढे विषय नेमका कसा मांडला? दुर्बीण एकच आहे आणि पावसाळ्यानंतर तिच्या उजव्या नळीत बुरशी धरली आहे, परंतु ती अडचण मी निभावून नेईन.

प्रतिसाद १

मॅडम, मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पलीकडच्या खुर्चीतून लिहितो. कार्यानुभवाची तासिका परत मागू नका. एकदा गेलेली तासिका परत येत नाही. नववीला जलसुरक्षा हा विषय आहे, त्याची श्रेणी द्यावी लागते आणि उपक्रमांच्या नोंदीही दाखवाव्या लागतात. पुष्कळ शाळांत त्या नोंदी वर्षअखेरीस एका बैठकीत उतरवून काढल्या जातात, हे आपण सगळेच जाणतो. रामसर स्थळाच्या शेजारच्या शाळेने पाणपक्ष्यांची गणना हाच जलसुरक्षेचा उपक्रम म्हणून दाखवला, तर कोणता मुख्याध्यापक नाही म्हणेल? अर्जात ‘मंडळ’ हा शब्द टाळा, ‘विषयांतर्गत उपक्रम’ असे लिहा.

दुसरे असे की, मुली पाण्यापर्यंत येऊ शकत नसतील, तर मोजणी एसटीत न्या. तोच रस्ता, तीच वेळ, रोज. पक्षिगणनेला आणखी काय हवे असते? तारांवरचे कोतवाल, वेडे राघू, नीलपंख खिडकीतून सहज मोजता येतात.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. जलसुरक्षा आमच्याकडे भूगोलाच्या सरांकडे आहे. त्यांच्याशी उद्याच बोलते. एसटीची कल्पना फार आवडली, मात्र संध्याकाळच्या गाडीत मुलींना उभे राहायलाही जागा नसते, खिडकी तर दूरच. सकाळची गाडी पहिल्या थांब्यापासून रिकामी येते आणि चढणाऱ्या पहिल्या चार मुली माझ्याच वर्गातल्या आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करीन. चालत्या गाडीतून मोजताना तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये, यासाठी अंतराचे टप्पे थांब्यांप्रमाणे पाडावेत की मिनिटांप्रमाणे? आठवीला जलसुरक्षा नाही, त्या मुलांसाठीही काही सुचत असल्यास कृपया लिहावे.