मदत हवी आहे: टॅप केलं, फोनवर बरोबरची खूण आली, तरी विनातिकीट म्हणून दंड. दाद कशी मागायची?

खिडकीजवळची:
नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी उचलून योग्य जागी ठेवावा ही विनंती.

मी ज्या बसने ऑफिसला जाते तिथे चढताना टॅप, उतरताना टॅप अशी पद्धत आहे, जेवढं अंतर तेवढं भाडं. वेगळं प्रवासाचं कार्ड मी काढलेलं नाही कारण बँकेचं डेबिट कार्ड चालतं, आणि तेच कार्ड फोनमध्ये पण घातलेलं आहे म्हणून फोन टेकवला तरी चालतं. परवा चढताना तोबा गर्दी, एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हाताने फोन टेकवला, फोन थरथरला, स्क्रीनवर बरोबरची खूण आली, रीडर (दाराजवळचं टॅप करायचं मशीन) वाजला की नाही ते त्या गोंगाटात शपथेवर नाही सांगू शकणार पण लाल दिवा तरी दिसला नाही आणि मागचे लोक 'पुढे चला हो' करून ढकलतच होते. थोड्या वेळाने चेकर चढले. 'कार्ड दाखवा'. मी पर्समधून कार्ड काढून दिलं, त्यांनी हातातल्या मशीनला लावलं आणि म्हणाले एंट्रीच नाहीये. म्हटलं अहो टॅप केलंय, हे बघा फोनवर दिसतंय. तर म्हणे फोनवरचं आम्ही धरत नाही, मशीन काय म्हणतं ते खरं. एवढं मोठ्याने बोलले की अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली, दोन बायका तर मान वळवून वळवून. दंडाची पावती हातात ठेवली आणि पुढच्या स्टॉपला उतरवलं. ते पण मागच्या दाराने, तिथला रीडर बंद, स्क्रीन काळी.

कळस म्हणजे दुसऱ्या दिवशी बँकेचा मेसेज आला की त्याच बसचं पार शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं कापलंय! म्हणजे दंडही माझ्याकडून आणि न केलेल्या प्रवासाचे पैसेही माझ्याकडूनच. हेल्पलाईनला फोन केला तर 'लेखी तक्रार करा, पुरावा जोडा' एवढंच. पुरावा म्हणून काय जोडू? फोनवरची खूण चालेल का? बँकेचा मेसेज? कुणी असा दंड रद्द करून घेतलाय का? पैशापेक्षा चोर ठरवलं त्याचा संताप जास्त आहे.

लटकंती:
सहमत सहमत सहमत. डोक्याला शॉट आहे हा प्रकार. मला त्या रीडरची भाषाच कळत नाही, एकदा वाजला की झालं, तीनदा वाजला की नाही झालं, आणि शेजारच्या दाराचा रीडर त्याच वेळी वाजला की तुमचं झालं का त्याचं झालं देव जाणे. नाही झालं तर का नाही झालं ते पण सांगत नाही. बॅलन्स नाही? कार्ड वाचलं नाही? नेटवर्क नाही? 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच. तेही ऊन पडलं की दिसत नाही.

भोचकराव:
ताई, रोख पैसे देऊन कागदी तिकीट घ्यायचं ना सरळ. आम्ही अजून तेच करतो.

लटकंती:
भोचकराव, बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हर रोख घेतच नाही आता. तुम्ही शेवटचे बसमध्ये कधी बसलात? :)

बिनकामाचा इंजिनिअर:
मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तुमच्या शहरातल्या सिस्टिमवर नाही, पण सगळीकडे साधारण एकच कथा असते. तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला वाटतं गोम इथे आहे: तुम्ही टॅप फोनने केलंत, आणि चेकरने वाचलं प्लास्टिकचं कार्ड.

तुमच्या दृष्टीने दोन्ही एकच, खातं एक, कार्ड एक. पण बँकेचं कार्ड फोनमध्ये घातलं की फोनला त्या कार्डाचा खरा नंबर मिळत नाही, त्याच्या बदल्यात एक वेगळाच नंबर तयार करून दिला जातो, सुरक्षेसाठी, म्हणजे फोन चोरीला गेला तरी खरा नंबर बाहेर पडत नाही. रीडरने टिपला तो हा बदली नंबर. चेकरच्या मशीनने बघितला तो प्लास्टिकवरचा नंबर. मशीनच्या लेखी हे दोन वेगळे प्रवासी आहेत, त्यातला एक तर गाडीत चढलेलाच नाही. मशीन खोटं बोललं नाही, पण चेकरने मशीनला प्रश्नच चुकीचा विचारला.

फोनवरच्या बरोबरच्या खुणेबद्दल: तिच्यावर फार विसंबू नका. फोनने आपली माहिती रीडरला दिली एवढंच ती सांगते. पुढे रीडरने ती घेतली, मान्य केली की नाकारली हे फोनला त्या क्षणी माहीत नसतं. खूण आली आणि रीडर लाल झाला असंही होतं. त्यामुळे ती खूण पुरावा म्हणून लंगडी आहे, इथे चेकरचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अगदीच चूक नाही.

पण तुमच्याकडे याहून भारी पुरावा आहे आणि तुम्ही त्यालाच शिव्या घालताय. ते शेवटच्या स्टॉपपर्यंतचं कापलेलं भाडं! सिस्टिम जास्तीत जास्त भाडं कधी लावते? चढल्याची नोंद आहे आणि उतरल्याची नाही तेव्हा. चढल्याची नोंदच नसती तर कापायला काही कारणच नव्हतं. म्हणजे त्यांचाच हिशोब सांगतोय की तुमचं टॅप लागलं होतं.

खिडकीजवळची:
अरे देवा. हे डोक्यातच आलं नाही. पण मला सांगा, 'कार्ड दाखवा' असं चेकर म्हणाला तर माणूस कार्डच दाखवणार ना? 'कशाने टॅप केलं' असं एका शब्दाने विचारलं नाही त्याने. आणि मी फोन पुढे केला तर बघायला तयार नाही! हे नंबर वेगळे असतात हे प्रवाशाने कुठून जाणायचं, बसमध्ये तर फोन आणि कार्ड यांची चित्रं शेजारी शेजारी लावलीयत, दोन्ही चालेल म्हणून.

शिट्टी:
मी बरीच वर्षं तपासणीच्या कामात काढली, आता बाहेर आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो, रागावू नका. चेकरच्या हातातलं मशीन म्हणजे काही सर्वज्ञ नाही. जुन्या पद्धतीच्या प्रवासी कार्डात चढल्याची नोंद कार्डातल्या चिपवरच लिहिली जाते, बॅलन्सही तिथेच, त्यामुळे मशीन लावलं की लगेच कळतं. बँकेच्या साध्या कार्डावर आपल्याला काहीच लिहिता येत नाही. तिथे मशीन नुसता नंबर बघतं आणि मागे सर्वरला विचारतं, काही ठिकाणी गाडीतल्या रीडरकडून यादी घेतं, काही ठिकाणी तर फक्त नंबर नोंदवून ठेवतं आणि जुळवाजुळव नंतर होते. गाडी पुलाखाली असेल, नेटवर्क गेलं असेल, रीडरने नोंद अजून वर पाठवलीच नसेल, तर खरं टॅप असूनही 'एंट्री नाही' दिसू शकतं.

आणि लोक काय काय करतात ते पण ऐका. चेकर दिसला की पटकन टॅप करायला धावणारे, कालचा स्क्रीनशॉट दाखवणारे, मित्राचं कार्ड पुढे करणारे. म्हणून फोनवरचं चित्र बघायचं नाही असा दंडक असतो. पण चित्र बघायचं नाही याचा अर्थ फोन मशीनला लावायचा नाही असा होत नाही! फोन मशीनला टेकवून वाचता येतो, कार्डासारखाच. तुमच्या चेकरने ते करायला हवं होतं, तिथे तो चुकला, आणि ओरडला ते तर अजिबात बरोबर नाही. तक्रारीत हेच लिहा, 'मी फोन पुढे केला होता, तो मशीनवर तपासला नाही'. वरच्या साहेबांना हे वाक्य बरोबर टोचतं.

लटकंती:
शिट्टी, तुमच्यासारखे चेकर का नाही भेटत हो आम्हाला.

एक बाळबोध प्रश्न, पाकीट तसंच टेकवलं तर कधी चालतं कधी नाही असं का? आणि रीडरला कार्ड चिकटवून किती वेळ धरायचं? मागचा माणूस च्यक च्यक करतो.

बिनकामाचा इंजिनिअर:
कार्डात बॅटरी नसते, रीडरच्या आजूबाजूचं जे क्षेत्र असतं, १३.५६ मेगाहर्ट्झचं, त्यातूनच चिपला वीज मिळते. जेमतेम काही सेंटिमीटरचा खेळ. कार्ड लवकर ओढलं की चिपची वीजच जाते आणि व्यवहार अर्धवट राहतो. पाकिटात दोन कार्डं असली की दोन्ही एकदम उत्तर देतात, मग रीडर एकतर गोंधळून नकार देतो किंवा त्याला जे आधी सापडेल त्यातून पैसे कापतो. चढताना हे कार्ड आणि उतरताना ते असं झालं तर दोन अर्धवट प्रवास, दोन्हीवर जास्तीत जास्त भाडं. म्हणून कार्ड बाहेर काढून सपाट धरा, आवाज येईपर्यंत. झटकन ओवाळू नका.

वेळेचं म्हणाल तर जपानमधलं सुईका कार्ड २००१ मध्ये आलं, ते ०.२ सेकंदात काम उरकतं, म्हणून तिथे लोक चालता चालता गेटमधून जातात. बँकेच्या कार्डाला जास्त बोलणी करावी लागतात. लंडनने २०१२ मध्ये बसला आणि २०१४ मध्ये मेट्रोला बँकेचं कार्ड सुरू केलं तेव्हा अर्ध्या सेकंदाच्या आत उरकलं पाहिजे अशी अट ठेवली होती. तेवढ्या वेळात बँकेला विचारणं शक्य नाही, म्हणून रीडर फक्त कार्ड अस्सल आहे का आणि काळ्या यादीत आहे का एवढं बघून आत सोडतो, पैशाचं नंतर. खिडकीजवळचींना बँकेचा मेसेज दुसऱ्या दिवशी आला तो त्यामुळेच. म्हणजे प्रवास चालू असताना 'बँकेचा मेसेज दाखवा' असं चेकर म्हणाला तर तो मेसेज मुळात आलेलाच नसतो.

भोचकराव:
अवांतर: ते जुनं चिपवर बॅलन्स लिहायचं कार्ड सुरक्षित असतं का? नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाच्या लोकांनी २००८ मध्ये मायफेअर क्लासिक नावाच्या चिपचं कुलूप फोडून दाखवलं होतं असं आठवतंय, जगभर प्रवासी कार्डात तीच चिप होती.

बिनकामाचा इंजिनिअर:
बरोबर आठवतंय, नायमेखेनचं राडबाउड विद्यापीठ. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी चिप बदलल्या. पण धागा दंडाचा आहे, त्यावर राहू.

खिडकीजवळची, आता करायचं काय ते. फोनच्या वॉलेटमध्ये ते कार्ड उघडा, माहितीच्या पानावर दोन वेगळे शेवटचे चार आकडे दिसतील, एक कार्डाचे, एक त्या फोनपुरत्या बदली नंबरचे. नावं फोनप्रमाणे वेगळी असतात, डिव्हाइस अकाउंट नंबर किंवा व्हर्च्युअल अकाउंट नंबर. दोन्ही लिहून घ्या. तक्रारीत 'मी टॅप केलं होतं' एवढ्यावर थांबू नका, नेमकी नोंद मागा: अमुक गाडी, अमुक तारीख, साधारण अमुक वेळ, या बदली नंबरचं चढल्याचं टॅप रीडरच्या नोंदीत आहे का, आणि चेकरच्या मशीनने कोणता नंबर वाचला. दोन ओळींत निकाल लागेल. बंद रीडरचं वेगळं लिहा, त्यासाठी जास्तीचं भाडं परत मागा. दंड आणि भाडं या दोन तक्रारी आहेत, एकात घातल्या तर भाडं परत देऊन दंडाबद्दल गप्प बसतील, अनुभव आहे.

शिट्टी:
अगदी. आणि पावतीवर गाडीचा नंबर आणि चेकरचा बिल्ला नंबर असतो, तो टाका. नाव शोधत बसू नका. अपिलाची मुदत बहुतेक पावतीच्या मागेच बारीक अक्षरात असते, ती आज बघा. काही ठिकाणी दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल असं धरतात, काही ठिकाणी आधी भरा मग भांडा, म्हणून तुमच्याकडे काय नियम आहे ते भरायच्या आधी वाचा. भरलाय का?

खिडकीजवळची:
नाही भरला अजून, तिथे भरणार नाही म्हटलं तेव्हा नाव पत्ता लिहून घेतला. मागे बघितलं, मुदत आहे. आणि वॉलेटमध्ये बघितलं तर खरंच आकडे वेगळे आहेत!! इतके दिवस वापरतेय, कधी त्या पानावर गेलेच नव्हते. बँकेच्या ॲपमध्येही भाडं ज्या नोंदीखाली कापलंय तिथे फोनचेच आकडे दिसतायत. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मसुदा असा लिहिलाय, बघा बरं: 'सदर प्रवासात मी फोनने टॅप केले. तपासणीच्या वेळी माझे प्लास्टिकचे कार्ड वाचण्यात आले, ज्याचा क्रमांक फोनमधील क्रमांकापेक्षा वेगळा आहे. मी फोन दाखवला असता तो मशीनवर तपासण्यात आला नाही. माझ्या फोनच्या क्रमांकावर याच गाडीचे पूर्ण मार्गाचे भाडे आकारण्यात आले आहे, त्याअर्थी माझ्या चढण्याची नोंद आपल्याकडे आहे. कृपया दोन्ही नोंदी तपासून दंड रद्द करावा.' आणि खाली दोन्ही कार्डांचे पूर्ण नंबर देऊ ना?

लटकंती:
मस्त जमलाय. माझ्या आईचा पण असाच एक दंड पडून आहे, तिला हाच मसुदा देते, चालेल ना?

बिनकामाचा इंजिनिअर:
मसुदा झकास. पण पूर्ण नंबर अजिबात नाही! फक्त शेवटचे चार आकडे, दोन्हीचे. तक्रार कक्षातून कुणी उलट फोन करून पूर्ण नंबर, मागचा कोड किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या, जुळवायला चार आकडे आणि वेळ पुरते. आणि लटकंती, आईंनी फोनने टॅप केलं होतं की कार्डाने ते आधी विचारा, कार्डाने असेल तर हा मसुदा लागू नाही, त्यांच्या बाबतीत नुसती रीडरची नोंद मागावी लागेल.