मदत हवी आहे: क्रोममधलं एक्स्टेन्शन काढलं तरी परत येतंय

खानापूर. विंडोज ११. उतारे, कन्नड-मराठी अर्ज, डीटीपी सगळं याच मशीनवर. मराठी फाँटचा क्रॅक (लायसन्स तोडलेला, चोरीचा) सेटअप टाकल्यापासून सर्च भलत्याच साइटवर जातंय. एक्स्टेन्शनला 'रिमूव्ह' बटणच नाही. विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसच्या क्विक स्कॅनमध्ये काही सापडत नाही. फॉरमॅट न मारता जमेल का ओ?

उत्तर १
आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. नुसतं एक्स्टेन्शन काढून भागणार नाही, ते परत आणून बसवणारा वेगळाच असतो.

क्रोममध्ये chrome://policy उघडा. तिथे 'ExtensionInstallForcelist' (एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसवायची पॉलिसी) दिसलं तर रिमूव्ह बटण का नाही ते कळलं. घरच्या किंवा दुकानातल्या मशीनवर ही पॉलिसी सहसा नसते. रेजएडिटमध्ये (विंडोज + आर, regedit) HKEY_LOCAL_MACHINE\SOFTWARE\Policies\Google\Chrome इथे जा, आधी एक्सपोर्ट करून ठेवा, मग ती नोंद डिलीट करा. HKEY_CURRENT_USER खालीही तोच रस्ता बघा.

आता खरा चोर: टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय (विंडोज + आर, taskschd.msc). प्रत्येक अनोळखी टास्कचा 'अ‍ॅक्शन्स' टॅब बघा. पॉवरशेल किंवा wscript (दोन्ही स्क्रिप्ट चालवणारे विंडोजचे प्रोग्राम) चालू होतंय आणि फाइल अ‍ॅपडेटा किंवा प्रोग्रामडेटामध्ये आहे, तर संशय घ्या. लगेच उडवू नका, डिसेबल करा, रीस्टार्ट करून बघा.

उत्तर २
डिफेंडर गप्प का, तेही बघा की. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज', खाली 'एक्सक्लुजन्स'. क्रॅकवाले सेटअप तिथे स्वतःचं फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्हच घालून ठेवतात. मग स्कॅन तिकडे फिरकतच नाही. तुम्ही न घातलेली नावं काढा, नेट जोडून डेफिनिशन अपडेट करा आणि 'स्कॅन ऑप्शन्स'मधून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होतं, साधारण १५ मिनिटं लागतात. फाइल्स आधी सेव्ह करा. काय सापडलं ते नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसेल.

उजव्या कोपऱ्यात येणाऱ्या जाहिराती मात्र बहुतेकदा स्पायवेअर नसून साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. ती क्रोमच्या सेटिंगमधून काढली की झालं.

विचारणारे
एक्सक्लुजनमध्ये C:\ निघालं! काढलं. ऑफलाइन स्कॅनमध्ये दोन ट्रोजन सापडले. आता पासवर्ड बदलू?

उत्तर १
बदला, पण या मशीनवरून नको, मोबाइलवरून बदला. आधी जीमेल, मग बँक. क्रोममध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेलेत असंच धरा. लॉगिनच्या कुकीजही (ब्राउझरने लॉगिन लक्षात ठेवायला जपलेली माहिती) चोरल्या जातात, मग पासवर्ड न टाकताच समोरचा आत शिरतो. म्हणून गूगल अकाउंटमध्ये 'युअर डिव्हायसेस'मधून सगळीकडून साइन आउट करा, टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री) लावा. पैसे गेल्याचं दिसलं तर तडक १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन आणि बँकेला कळवा.

ट्रोजन निघालेत, आणि गिऱ्हाइकांचे आधार, उतारे याच मशीनवर असतात, म्हणून मी तरी 'रीसेट धिस पीसी'मधून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' करून सोडेन. डॉक्युमेंट आणि फोटो पेनड्राइव्हवर घ्या. जुने सेटअप, exe काही नको, आणि तो फाँटचा क्रॅक तर अजिबात नको. नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तेही नव्याने मूळ साइटवरूनच उतरवा.