'रोसास दान्स्त रोसास' बघून आपल्या पीससाठी काय घ्यायचं?

घुंगरू_ठाणे:
नमस्कार, बारा वर्षं कथक केलंय आणि आता पहिल्यांदाच चौघींचा दहा मिनिटांचा कंटेम्पररी पीस बसवतेय, विषय आहे ठाणे स्टेशनवर सकाळी लेडीज डब्याची वाट बघणाऱ्या बायका. त्यासाठी अ‍ॅन तेरेसा द कीर्समाकर या बेल्जियन कोरिओग्राफरचं १९८३ चं चौघींचं नृत्य 'रोसास दान्स्त रोसास' परत परत बघतेय, खुर्च्यांवर बसून नाचतात तो भाग तर पाठच झालाय, केसांतून हात, खांद्यावरून शर्ट खाली ओढणं, परत वर घेणं, झटक्यात मान वळवणं. वहीची सात पानं भरली, पण तालमीला उभं राहिलं की हात आपोआप केसांतच जातो. अ‍ॅनालिसिस करायचं म्हणजे नक्की काय लिहायचं?

वाशीची_पावलं:
तुझ्या वहीत बहुतेक स्टेप्सची नावंच असणार. ती राहू दे. पाच मिनिटांचा तुकडा घे, आवाज बंद कर आणि एकीकडेच बघ, ती बाकीच्यांबरोबर कधी आहे, कधी सुटते, परत कधी येऊन मिळते एवढंच लिही, मग दुसरीकडे बघ. मी हे केलं तेव्हा अख्ख्या संध्याकाळीत जेमतेम दोन मिनिटं झाली पण डोळे उघडले, हालचाली मूठभरच आहेत गं, सगळी गंमत कोण कधी सामील होतं त्यात आहे. आणि खुर्च्यांच्या आधीचा भाग अजिबात पळवू नकोस, चौघी जमिनीवर, संगीत नाही, नुसता श्वास आणि अंग जमिनीवर पडल्याचा आवाज. ती शांतता आधी सोसलेली असते म्हणून खुर्च्या एवढ्या अंगावर येतात.

साथीदार_नौपाडा:
मी नाचत नाही, तबला वाजवतो. तिहाईत तोच बोल तीनदा येतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुटका होते, इथे मला तरी तशी सम सापडत नाही, तुकडा फिरतच राहतो आणि ताण साठत जातो. चौघींच्या चार ओळी आखा आणि मात्रा मांडा, आपण ठेका लिहितो तसंच.

उपवन७:
२०१३ मध्ये खुद्द कीर्समाकरच्या कंपनीनेच खुर्च्यांच्या भागाच्या स्टेप्स शिकवणारे व्हिडिओ टाकून लोकांना आपापलं व्हर्जन करायला बोलावलं होतं. त्यामुळे तालमीत हुबेहूब नाचून बघ, अंगाला कळतं ते वहीला कळत नाही. स्टेजवर मात्र हालचाली फलाटावरच्याच हव्यात.

घुंगरू_ठाणे:
सगळ्यांना खूप थँक्यू. काल आठच्या गर्दीत फलाटावर नुसती बघत उभी राहिले. लोकल दिसली की एक बाई पाठीवरची सॅक पुढे छातीशी घेते, ओढणी कमरेला गाठ मारून घट्ट करते, एक पाय मागे रोवते. शेजारचीनेही तेच केलं पण जरा उशिरा, तिसरीने गाठ मारलीच नाही. चार ओळी आखून हे मात्रांत मांडलं आणि आज तालमीतून खुर्च्या काढूनच टाकल्या. चौथीचं काही सुचलं नाही म्हणून तिला नुसती उभी ठेवली, तर सगळ्यांची नजर तिच्यावरच जात होती. ती तशीच राहणार.